पगार खात्यात, कार्ड ठेकेदाराच्या खिशात

मजुरीची रक्कम बँकेत जमा झाली की मालकाचे कर्तव्य संपले, अशी एक सोयीस्कर समजूत मालकवर्गात आणि सरकारी कचेऱ्यांत रूढ होत आहे. ती जितकी सुटसुटीत, तितकीच घातक आहे. श्रमाचे मोल श्रमिकाच्या हाती पोचले आणि त्याच्याच हाती राहिले, तरच मजुरी दिली असे म्हणता येते.

या प्रश्नाला इतिहास आहे. इंग्लंडातील कारखानदार मजुरीऐवजी आपल्याच दुकानातील माल मजुरांच्या गळ्यात मारीत. त्याला आळा घालण्यासाठी १८३१ साली तेथे मजुरी नाण्यांत देण्याची सक्ती झाली. भारतात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी नाण्यांत वा नोटांत द्यावी असे ठरविले. रोख रक्कम ही त्या काळी कामगाराची ढाल होती. १९७६ च्या दुरुस्तीने धनादेश आणि बँक खाते हे मार्ग खुले केले, परंतु कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवली. नोटाबंदीनंतर अवघ्या सात आठवड्यांनी, २८ डिसेंबर २०१६ रोजी वटहुकूम निघाला आणि ती संमती गळून पडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेत रोख, धनादेश, बँक खाते आणि इलेक्ट्रॉनिक पद्धत हे सारे मार्ग मान्य आहेत. कोणत्या आस्थापनांत रोखीला मज्जाव करायचा हे सरकार अधिसूचनेने ठरविणार. या सर्व व्यवस्थेत ज्याची मजुरी आहे, त्यालाच विचारण्याची तरतूद उरलेली नाही.

म्हणून बँक खात्याला विरोध करावा काय? मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळी कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर खोट्या हजेरीपटांविरुद्ध जे झगडले, त्यांना लेखी पुराव्याचे मोल सांगावयास नको. कोऱ्या पटावर अंगठा उठवून घेणाऱ्या मुकादमापेक्षा बँकेचे पासबुक केव्हाही बरे. पण अंगठ्याची जागा आता कार्डाने आणि मोबाईलवर येणाऱ्या आकड्याने घेतली आहे, हे ओळखले पाहिजे.

राहुरी तालुका पाहावा. मुळा धरण, उसाचे मळे, साखर कारखाना, महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांमुळे येथे रोजगाराचे जाळे उभे राहिले. अशा ठिकाणी कायम नोकरदाराचा पगार निमूटपणे खात्यात जमा होतो आणि तो त्याचाच राहतो. सफाई, पहारा, हमाली, बांधकाम अशा ठेक्याच्या कामावरील मजुराची कथा निराळी असते. ठेकेदारीतील एक जुनी चलाखी कामगार चळवळीला सर्वत्र परिचित आहे: खात्यात किमान वेतनाचा पूर्ण आकडा जमा करायचा, मजुराचे एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवायचे, किंवा दुसऱ्या दिवशी ठराविक रक्कम रोखीने परत मागायची. जो परत देणार नाही, त्याला पुढच्या महिन्यापासून काम नाही.

यातला खरा डाव कायद्याच्या अंगाने समजून घ्यावा. वेतन संहितेनुसार मजुरी बुडविल्याची तक्रार आल्यास ती दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे आणि दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविता येते. तरतूद चांगली आहे. परंतु बँकेची नोंद हाच अंतिम पुरावा मानला, तर मजुराच्या रक्षणासाठी आलेली नोंद लबाड मालकाची पावती ठरते. रोखीत बुडविलेल्या मजुरीबद्दल निदान भांडता येत होते. खात्यातून परत उकळलेल्या मजुरीबद्दल मजूरच खोटा ठरतो.

ऊसतोडीत तर खात्याचा प्रश्नच वेगळा आहे. पाथर्डी आणि बीडकडून येणारे जोडपे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. उचल मुकादमामार्फत येते, हिशेब पुरुषाच्या नावे होतो आणि पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या स्त्रीच्या नावे एक रुपयाही नोंदला जात नाही. मजुरी खात्यात देण्याचा एवढा उत्साह असेल, तर त्या स्त्रीच्या स्वतंत्र खात्यापासून आरंभ का होत नाही?

मालक म्हणतात, मजुरांनाच रोख हवी असते. खरे आहे. बँकेत जाण्यासाठी ज्याचा रोज बुडतो आणि ज्याची चूल रोजच्या पैशावर पेटते, तो रोखच मागणार. रोजंदाराची मजुरी पाळी संपताच द्यावी, असे संहिताच सांगते. खात्याच्या नावाखाली ती आठवडाभर अडकविणे हा नियमभंगच होय.

कार्यकर्त्यांनी म्हणून गावोगावी, भट्टीवर आणि ठेक्यावर चार साधे प्रश्न विचारावेत. कार्ड आणि पासबुक कोणाजवळ आहे? वेतनचिठ्ठी मिळते काय? जमा रकमेतून कोणाला काही परत द्यावे लागते काय? स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात येते काय? जेथे उत्तर लाजिरवाणे असेल, तेथे मजुरांना एकत्र करून सामुदायिक तक्रार करावी. एकट्याचे नाव पुढे आले की त्याचे काम जाते. आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला सुटू देऊ नये. ज्याच्या आवारात घाम गळतो, मजुरीचा जाब त्यालाच द्यावा लागेल.