तिसरा क्रमांक कोणाचा?

दिल्लीतील ‘इक्रिअर’ या संशोधन संस्थेने २०२४ साली निरनिराळ्या देशांच्या अर्थव्यवस्थांतील डिजिटलीकरणाची तुलना मांडली, तेव्हा भारत जगात तिसरा आल्याचा मोठा गजर झाला. त्याच अहवालातील दुसरा निष्कर्ष मात्र सोयीस्करपणे मागे पडला. वैयक्तिक वापरकर्त्याच्या पातळीवर मोजले, की ‘जी-२०’ देशांत आपण थेट बाराव्या क्रमांकावर येतो. एकूण बेरजेत थोरवी आणि माणशी हिशेबात दैना! एकूण आकड्यांच्या झगमगाटाला माणशी उत्पन्नाने उत्तर द्यावे लागते, हा धडा दादाभाई नौरोजींनी इंग्रज राज्यकर्त्यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दिला होता.

माणशी सरासरीही पुरेशी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. सरासरीच्या पोटात ही विषमता दडून राहते.

आता खानदेशाकडे पाहा. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवरील नोंदणी आवश्यक ठरली. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलमागे ८११० रुपये. पण त्याची वाट मोबाइलमधून जात होती. चोपडा वा शिरपूरच्या शेतकऱ्याने ही नोंदणी पदरचे पैसे मोजून दुसऱ्याच्या हातून करवून घेतली, तरी निर्देशांकाच्या वहीत तो ‘डिजिटल’च ठरतो. ज्याला तेही जमले नाही, त्याला उरते ती दारात काटा घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याची खेडा खरेदी. सक्ती, परावलंबन आणि प्रगती यांतील भेद ज्या मापाला कळत नाही, ते माप कोणाच्या सोयीचे?

यंत्राला आमचा विरोध नाही. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याने माल खपवू नये म्हणून नोंदणी हवी, हेही मान्य. परंतु हक्काच्या दाराला एकच किल्ली असणे, आणि तीही अनेकांच्या हाती नसणे, हा अन्याय होय.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या साथींनी दोन मागण्या लावून धराव्यात : प्रत्येक खरेदी केंद्रावर कागदी नोंदणीची सोय, आणि नोंदणीअभावी परत फिरलेल्यांची जाहीर मोजदाद. ती मोजदाद सरकार करीत नसेल, तर गावोगाव वह्या घेऊन आपणच बसू. देशाचा क्रमांक त्या वहीतून ठरू द्या!