छायाचित्रणातील उपकरणांचा बडिवार

आमच्याकडे छायाचित्रांची प्रदर्शने आताशा वारंवार भरतात. आणि हौसेपुरता का होईना, आम्हीही हाती कॅमेरा धरीत असल्यामुळे त्यांपैकी बरीचशी आम्ही पाहतो. ह्या प्रदर्शनांत एक चमत्कारिक प्रथा दिसून येते. भिंतीवर एखाद्या वृद्धेचे, एखाद्या धनगराचे किंवा कोळिणीचे चित्र टांगलेले असते, आणि त्याखालच्या पट्टीवर कॅमेऱ्याचे घराणे, भिंगाची लांबी, छिद्राचे माप व प्रकाश घेण्यास लागलेल्या वेळाचा अपूर्णांक, इतका सगळा वृत्तान्त दिलेला असतो. त्या वृद्धेचे नाव मात्र कोठेच नसते. 'सुरकुत्या' किंवा 'जीवनसंध्या' असले काहीतरी शीर्षक देऊन तिची बोळवण केलेली असते. ज्या कलेत भिंगाची वंशावळ सांगाविशी वाटते आणि माणसाचे नाव विचारण्याचे सुचत नाही, तिच्या उपासकांचे मुळातच काहीतरी चुकले आहे. ते काय चुकले आहे, हे भीड न धरता सांगावे म्हणून हा लेख.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम प्रामाणिकपणे मांडू. तो म्हणतो की, व्यक्तिचित्र उत्तम साधावयाचे तर मोठा प्रकाशग्राही पडदा हवा, लांब पल्ल्याचे व रुंद छिद्राचे भिंग हवे, शिवाय छत्रीसारखे कृत्रिम दिवे हवेत; खिशातल्या दूरध्वनीतील इवल्याशा भिंगाने केवळ स्मरणापुरते टिपण होईल, चित्र व्हावयाचे नाही. ह्यांत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच पडदा दूरध्वनीतील नखाएवढ्या पडद्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक प्रकाश गोळा करतो, हे गणित आहे, आणि गणिताशी भांडण्याचे आम्हांस कारण नाही. उडता पक्षी, रात्रीची मिरवणूक, मैदानावरचा खेळाडू ह्यांच्यासाठी ती सामग्री अवश्य असावी. पण समोर बसलेले माणूस उडून जात नाही. त्याला दारापाशी बसविता येते, सकाळची वेळ निवडता येते, 'जरा इकडे तोंड करा' असे सांगता येते. जेथे प्रकाश, वेळ व अंतर ही तिन्ही आपल्या हाती आहेत, तेथे उपकरणाची सबब सर्वांत लंगडी पडते. आणि नेमकी तेथेच ती सर्वांत मोठ्याने सांगितली जाते, हे आश्चर्य!

ह्या कलेचा इतिहासही प्रतिपक्षास अनुकूल नाही. स्कॉटलंडात एडिंबरो येथे डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार व रॉबर्ट ॲडमसन हा तरुण रसायनज्ञ ह्या दोघांनी १८४३ पासून अवघ्या चार-पाच वर्षांत जी व्यक्तिचित्रे घेतली, ती कागदाच्या ठशावरून, उघड्या अंगणातल्या उन्हात घेतलेली आहेत. कागदाच्या तंतूंमुळे बारीक तपशील विरघळून जातो. तरीही न्यूहेवनच्या कोळिणी आज पावणेदोनशे वर्षांनंतर आपल्याशी बोलू लागतात. जूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ साली कलकत्त्यास जन्मली. तिला १८६३ च्या डिसेंबरात मुलीने व जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा तिचे वय ४८ वर्षांचे होते. कोळशाची खोली तिने अंधारखोली केली आणि कोंबड्यांचे काचघर चित्रशाळा केली. तिच्या चित्रांची कडा धूसर, काचेवर ओघळ, क्वचित बोटांचे ठसेही. त्या वेळच्या तज्ज्ञांनी तिची यथेच्छ टवाळी केली. आज ते तज्ज्ञ कोणाच्या स्मरणात नाहीत, आणि सर जॉन हर्शेल ह्या ज्योतिर्विदाचे तिने १८६७ साली घेतलेले चित्र मात्र जगप्रसिद्ध आहे. तिचे साहित्य त्या काळच्या मानाने स्वस्त नव्हते, हे आम्ही मान्य करतो. परंतु आजच्या कोणत्याही सामान्य दूरध्वनीतील भिंग त्याहून निर्दोष असते, हेही प्रतिपक्षाने मान्य करावे.

आपल्याकडेही हीच गोष्ट आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासारख्या वैद्यकी करणाऱ्या गृहस्थांनी हौसेने ही विद्या हस्तगत केली. पुढे राजा म्हणून प्रसिद्धीस आलेले दीनदयाळ हे इंदूरच्या बांधकामखात्यात अंदाजपत्रके करणारे नोकर होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. ह्यांपैकी कोणीही भिंग बदलण्याची वाट पाहत बसला नाही. हाती असलेल्या भिंगाने काय होते व काय होत नाही, हे त्यांनी काचा खराब करून शिकून घेतले.

आता थोडे स्वतःविषयी बोलावे लागते, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हा भिंतीवर लावण्याजोगे त्यांचे एकही छायाचित्र घरात मिळाले नाही. एका लग्नातील समूहचित्रात तिसऱ्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून त्या दिसत होत्या. ते आम्ही एका व्यावसायिकाकडे मोठे करावयास दिले. दोन दिवसांनी चौकट घरी आली. पाठीमागे निळा पडदा, गालांवर गुलाबी झाक, सावळा वर्ण उजळून गव्हाळ केलेला. आणि कपाळावरचे गोंदण डाग समजून पुसून टाकलेले! आम्ही विचारणा केली, तेव्हा तो तरुण मोठ्या सौजन्याने म्हणाला, "सर, फोटो साफ करून दिलाय." आमची धाकटी भगिनी चौकटीकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि "ही आई नव्हे" एवढेच बोलून आत गेली.

त्या तरुणावर रागावण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. आमच्या कपाटात त्या वेळी एक चांगला कॅमेरा आणि दोन भिंगे होती. त्यांनी आम्ही कासच्या पठारावरची फुले टिपली होती, भिगवणच्या पाण्यावरचे रोहित पक्षी टिपले होते, हेमाडपंती देवळांचे खांब टिपले होते. आईचे चित्र मात्र 'नीट भिंग घेतल्यावर काढू' म्हणून राहिले होते. उपकरणांच्या बडिवाराचा खरा तोटा हा आहे. त्यापायी पैसे जातात ते जावोत. माणसे जातात, आणि त्यांचे मुख कोणी पाहून ठेवलेले नसते.

त्या प्रकारानंतर आम्ही आमच्या मावशींकडे गेलो. कॅमेरा मुद्दामच घरी ठेवला आणि खिशातला साधा दूरध्वनी तेवढा नेला. जे शिकलो ते ठेचा खाऊनच शिकलो. पहिल्या दिवशी भर दुपारी अंगणात चित्र घेतले. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा उमटल्या. दुसऱ्यांदा चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे बसविले. भिंत छान आली आणि मावशी काजळल्या. ह्याचे कारण असे की, यंत्र समोरच्या सर्व दृश्याचा मध्यम करडा रंग धरून प्रकाश मोजते. पांढरी भिंत पाहिली की ते आपला डोळा बारीक करते, आणि सावळा चेहरा त्यात बुडतो. उपाय बिनखर्ची आहे. चेहऱ्यावर बोट ठेवून तेथलेच माप घ्यावे, किंवा माणसास लाकडी दारापुढे बसवावे. तिसऱ्यांदा हौसेने अगदी जवळ गेलो, तो नाक भोपळ्याएवढे! हा दोष लोक भिंगाच्या माथी मारतात; वस्तुतः तो अंतराचा आहे. नाकाचे टोक व कान ह्यांत सुमारे १२ सेंटीमीटर अंतर धरले, तर ३० सेंटीमीटरांवरून घेतलेल्या चित्रात नाक कानापेक्षा शेकडा ४० नी मोठ्या प्रमाणावर उमटते. दीड मीटरवरून तोच फरक शेकडा ८ वर येतो. म्हणजे पाच फूट मागे सरावे आणि नंतर नको असलेला भाग कापून टाकावा. ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या चित्राची रुंदी व उंची निम्मी केली, तरी पोस्टकार्डाहून मोठा स्वच्छ ठसा निघण्याइतके ठिपके शिल्लक राहतात. पाच फूट मागे सरण्यास पैसे पडत नाहीत.

चौथ्यांदा मावशी पडवीच्या दारात सूप घेऊन बसल्या होत्या. दार उत्तरेचे, ऊन आत येत नव्हते, उजेड तेवढा येत होता. एका गालावर प्रकाश, दुसऱ्यावर मऊ सावली. ती फार दाट वाटली म्हणून आम्ही पलीकडे खुर्चीवर पांढरा पंचा टाकला. सगळी चित्रशाळा ती एवढीच. पण कॅमेरा पाहताच मावशी ताठ झाल्या. "थांब रे बाळ, लुगडं तरी बदलून येते," म्हणाल्या. आम्ही दूरध्वनी मांडीवर ठेवला आणि आईच्या लहानपणाविषयी विचारले. अर्धा तास त्या बोलत होत्या. गावात गोंदणारी आली तेव्हा धाकटी बहीण कशी कणगीमागे लपली आणि शेवटी गुळाच्या खड्यावर कशी कबूल झाली, हे सांगताना त्यांचा हात सुपावरून नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला. त्या क्षणी आम्ही चित्र घेतले. हात किंचित हललेला आहे. तज्ज्ञांनी तो दोष खुशाल काढावा. भगिनीला ते दाखविले, तेव्हा तिने भिंग विचारले नाही, छिद्र विचारले नाही. "मावशी!" म्हणाली, आणि हसली.

ह्या सर्वांत उपकरणाचे काही पाप असेल, तर ते त्याच्या दुबळेपणात नसून आगाऊपणात आहे. आजचे पुष्कळ दूरध्वनी न विचारता त्वचा गुळगुळीत करतात, वर्ण उजळतात, हनुवटी निमुळती करतात, आणि ह्याला 'सौंदर्य' म्हणतात. ही खोड नवी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या तरुणीचे नमुनाचित्र पाठवीत असे. त्या पहिल्या तरुणीच्या नावावरून त्यास 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा गाल बरोबर आला की जगातील सारे गाल बरोबर आले, असा हिशोब! सावळ्या वर्णांचे रूप यथार्थ उमटावे म्हणून गूगलसारखी कंपनी आपल्या दूरध्वनींत जाहीर प्रयत्न करू लागली ती २०२१ साली. तेव्हा प्रतिपक्ष ज्या यंत्रावर इतका विसंबून आहे, त्या यंत्राला आमच्या आयाबहिणींचा रंग ठाऊक नव्हता, हे त्याने ध्यानी घ्यावे. हौशी माणसाने पहिला धडा हा गिरवावा की, दूरध्वनीतील ती सौंदर्याची कळ प्रथम बंद करावी. ज्याने आईचे गोंदण पुसले तो तरुण निदान विचारल्यावर उत्तर देत होता. ही कळ तेवढेही करीत नाही.

कोणी म्हणेल, मग दाराचा उजेड आणि पाच फुटांचे अंतर साधले की झाला कलावंत? तसे आम्ही म्हटलेले नाही. आपल्या भाषेत 'व्यक्तिचित्र' हा एकच शब्द लेखणीच्या कृतीस आणि कॅमेऱ्याच्या कृतीसही लागू आहे, हे फार बोलके आहे. लेखकाने व्यक्तिचित्र लिहिले तर ती व्यक्ती त्याला कितपत उमगली होती, असे आपण विचारतो; छायाचित्रकाराला तोच प्रश्न विचारण्यास कोणती हरकत आहे? उजेड व अंतर हे व्याकरण आहे. ते एका आठवड्यात येते. समोरच्या माणसाविषयी आस्था आणि त्याच्यापाशी अर्धा तास निमूट बसण्याची तयारी, ही कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही. महाग भिंग ज्याला परवडते त्याने ते अवश्य घ्यावे. फक्त ते येईपर्यंत थांबू नये.

आमचे मागणे थोडके आहे. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे आहेत, त्यांनी येत्या रविवारी सकाळी त्यांना दारापाशी बसवावे, हाती असेल त्या यंत्राने चित्र घ्यावे, आणि त्याचा कागदी ठसा काढून मागे नाव, गाव व साल लिहून ठेवावे. भिंगाचे माप लिहिले नाही तरी चालेल. आमच्या घरच्या चौकटीमागे ते सर्व लिहिण्याजोगे होते. पुढे मात्र आई नव्हती.