माणसे पाच, मग प्लॅन एकच कशाला?

माझा एक जुना विद्यार्थी हज-उमराहला जाणाऱ्यांची व्यवस्था पाहणारे छोटे ऑफिस चालवतो. परवा घरी आला. म्हणाला, "सर, मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यायचंय. विकणारा म्हणतो, पाचही जणांना बिझनेस स्टँडर्ड घ्या. घेऊ का?"

मी विचारले, "पाचही जण एकच काम करतात का?"

तो गप्प झाला. मग हिशेब निघाला. तिघे फक्त मेलला उत्तरे देतात, याद्या पाहतात. मोठ्या एक्सेल शीट आणि पत्रे करणारे दोघेच.

बिझनेस बेसिकमध्ये स्वतःच्या डोमेनचा मेल, १ टीबी साठवण आणि ब्राउझरमध्ये किंवा मोबाइलवर चालणारे वर्ड-एक्सेल मिळते. स्टँडर्डमध्ये हेच प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवता येतात, इंटरनेट गेले तरी काम थांबत नाही. म्हणून तिघांना बेसिक, दोघांना स्टँडर्ड. एकाच ऑफिसात दोन्ही प्लॅन चालतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

वर्षभराचा करार स्वस्त पडतो, पण माणूस मध्येच गेला तरी त्या जागेचे पैसे वर्षभर भरावे लागतात. म्हणून कायमच्या माणसांसाठी वर्षाचा करार आणि हंगामापुरत्या मदतनिसासाठी महिन्याचा.

"फॅमिली प्लॅन स्वस्त आहे, सहा जणांना चालतो," तो म्हणाला. चालतो, पण घरगुती वापरासाठी, धंद्यासाठी नाही. पैसे खरोखरच कमी असतील तर लिब्रेऑफिस आहे. ते धंद्यालाही मोफत आहे आणि त्यात उर्दू-मराठी दोन्ही लिहिता येते. वर्डच्या फायलींची मांडणी कधी हलते आणि मेलची सोय वेगळी करावी लागते, एवढेच.

आपल्याकडे अनेक दुकानांत चोरीची कॉपी बिनदिक्कत चालते. पाचजण एकाच पासवर्डवर काम करतात. त्याच कॉम्प्युटरवर लोकांच्या पासपोर्टच्या प्रती असतात. आयुष्यभराची पुंजी जमवून निघालेल्या म्हाताऱ्या माणसाने आपल्या हाती दिलेली ती अमानत आहे. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे हवे, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचे तेवढेच बंद करता येते. आणि ॲडमिनचे खाते विकणाऱ्याकडे नव्हे, मालकाकडे हवे.

महागडा प्लॅन घेतल्याने धंदा मोठा होत नाही. आधी कोण काय काम करतो ते कागदावर लिहा, दर नंतर विचारा.