आवाज मोठा नको, शब्द स्वच्छ हवा

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका छोट्याशा स्पीकरवरून रोज कुरबूर होत होती. आमच्या अब्बांचे वय ७८. १९८२ च्या संपापर्यंतची त्यांची उमेदीची वर्षे परळच्या एका गिरणीत, साचा खात्यात गेली. सकाळी फज्रनंतर तिलावत आणि संध्याकाळी शाहीर अमर शेखांचे गाणे किंवा एखादी जुनी गझल, एवढीच त्यांची चैन. पण स्पीकरचा आवाज दिवसेंदिवस चढत चालला होता. लालबागच्या आमच्या चाळीत भिंत दोन घरांत मिळून एकच. शेजारच्या काकू काही बोलत नसत, पण आम्हालाच ओशाळल्यासारखे होई. दहावीतली धाकटी पुस्तक घेऊन गॅलरीत जाई आणि मोठा कानांत इअरफोन घालून बसे.

“आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत,” अब्बा म्हणत.

मोठ्याने तोडगा सुचवला, “फुकटचं ॲप वापरल्यावर असंच होणार. लॉसलेसवाली योजना घेऊ आणि मोठा स्पीकर आणू.” आम्ही पैसे काढायच्या बेतात होतो. पण इतकी वर्षे वर्गात उभे राहून एक सवय जडली आहे. उत्तर लिहिण्याआधी प्रश्न पुन्हा वाचायचा. म्हणून आधी नीट समजून घ्यायचे ठरवले.

ॲपवरून येणारा आवाज दाबून, लहान करून पाठवलेला असतो. तो किती दाबला आहे, हे दर सेकंदाच्या किलोबिटमध्ये मोजतात. स्पॉटिफायची सर्वात खालची पातळी साधारण २४ किलोबिट आहे, तर ठरावीक सशुल्क योजनांत ३२० मिळतात. जिओसावनच्या सशुल्क योजनेतही ३२० आहेत आणि यूट्यूब म्युझिकवर २५६. दाबण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे २५६ म्हणजे ३२० पेक्षा वाईट, असा सरळ हिशेब मात्र होत नाही. लॉसलेसमध्ये मूळ ध्वनीतले काहीच टाकून देत नाहीत. ॲपल म्युझिकने ही सोय २०२१ मध्ये जादा पैसे न घेता दिली.

आता डेटाचे गणित पाहा. ९६ किलोबिटने तासाला सुमारे ४३ एमबी जातात, ३२० ने १४४ एमबी आणि लॉसलेसला त्याच्या दुपटीहून जास्त. रोज दीड जीबीचा रिचार्ज करणाऱ्या घराने हा हिशेब आधी मांडावा.

एका रविवारी आम्ही घरातच परीक्षा घेतली. मोठ्याने एकच नात तीन पातळ्यांवर लावली. आम्ही सगळे पाठमोरे बसलो आणि कागदावर गुण दिले. सर्वात खालची पातळी धाकटीनेसुद्धा लगेच ओळखली. ३२० आणि लॉसलेस यांतला फरक मात्र कोणालाच खात्रीने सांगता आला नाही, सुचवणाऱ्यालाही नाही. कारण साधे आहे. आमचा स्पीकर ब्लूटूथवर चालतो आणि ब्लूटूथ आवाज पुन्हा एकदा दाबूनच पुढे पाठवते. लॉसलेसचा पुरा फायदा हवा असेल तर वायर हवी आणि चांगला स्पीकर किंवा हेडफोनही हवा. शिवाय जुन्या तबकडीवरून उतरवलेल्या गाण्यात मुळातच खरखर असेल, तर लॉसलेस ती खरखरही इमानेइतबारे आणून देते.

मग आमच्या घरात बिघडले कुठे होते? पहिली चूक आमचीच निघाली. डेटा वाचवायचा म्हणून आम्हीच कधीतरी अब्बांच्या फोनवर सर्वात खालची पातळी लावून ठेवली होती. ती बदलायला एक पैसा लागला नाही. दुसरी चूक म्हणजे स्पीकरची जागा. तो कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर होता. कोपऱ्यात खर्जाचा आवाज फुगतो, पत्रा थरथरतो आणि शब्द त्याखाली दबून जातात. आम्ही तो खाली उतरवून अब्बांच्या खुर्चीजवळ, कानाच्या उंचीवर ठेवला. समोरच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा लावला. ॲपच्या इक्वलायझरमध्ये खर्ज थोडा कमी केला. आवाज निम्म्यावर आला तरी पूर्वीपेक्षा बरा ऐकू येऊ लागला.

पण अब्बांची तक्रार पूर्ण गेली नाही. तेव्हा धाकटी सहज म्हणाली, “दादा आता माझी चूक काढतच नाहीत.”

आम्ही चमकलो. तिच्या लहानपणापासून अब्बा तिचा सबक ऐकत आले. सीन, साद आणि से यांत जरा गफलत झाली की मान न वळवता टोकत. वर्ष-दीड वर्षात त्यांनी टोकणे बंद केले होते आणि आम्ही समजत होतो, माशाअल्लाह, पोरीचा तलफ्फुज सुधारला! आम्ही उर्दू शिकवतो, तरी हे आमच्या ध्यानात आले नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वय आणि साच्यांचा खडखडाट, दोन्हींचा हा परिणाम आहे. वर्षानुवर्षे मोठा आवाज सोसलेल्या कानातून आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, फ यांसारखी अक्षरे त्या स्वरांवरच ओळखू येतात. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द सुटतात. अशा वेळी नुसता आवाज वाढवून भागत नाही. अब्बांना आता श्रवणयंत्र घ्यायचे आहे. मोठ्या स्पीकरसाठी काढलेले पैसे तिकडे लागतील.

वाचकहो, संगीताबद्दल घराघरांत मते वेगळी असतात. ती ज्याची त्याच्यापाशी. पण तिलावत, नात, बयान किंवा गाणे, फोनवरून काहीतरी ऐकले जात नाही असे घर आता विरळाच. म्हणून आमच्या अनुभवाचा क्रम सांगतो. आधी ॲपची पातळी पाहा. मग स्पीकरची जागा बदला. एकाच कानात इअरफोन घालणाऱ्यांसाठी फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करा, नाहीतर अर्धे वाद्य, अर्धे शब्द दुसऱ्या कानात राहून जातात. एवढ्यावर भागले नाही तरच पैसे भरा आणि तेही जाहिराती टाळण्यासाठी. आमच्याकडे सूरह संपते न संपते तोच कर्जाची जाहिरात वाजली, तेव्हा अब्बा उठून निघून गेले होते. साधी सशुल्क योजना आम्ही घेतली, ती तेवढ्यासाठीच. लॉसलेसचा विचार सर्वात शेवटी.

आणि घरातले वडीलधारे आवाज वाढवू लागले, तर चिडण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या. परळला केईएम रुग्णालय आहे, वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण संस्था आहे.

परवा धाकटी अब्बांच्या अगदी जवळ, त्यांच्या उजव्या कानाशी बसून सबक वाचत होती. मध्येच अब्बांनी हात वर केला.

“से आहे, सीन नाही. पुन्हा वाच.”

तिने हसत पुन्हा वाचले.