गुलाबी रंगाची साक्ष

बारावीच्या प्रात्यक्षिकाला कोणते ‘सॉल्ट’ येणार, हे प्रयोगशाळेत शिरण्याआधीच जिन्यावर कळलेले असते. मग उत्तरावरून निरीक्षणे रचायची, जर्नल पुरे करायचे आणि सही घ्यायची. हीच सवय न्यायसहायक रसायनशास्त्राच्या वर्गात गेली, तर तिचा शेवट न्यायालयात होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होत आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. माणसे लागतील, अभ्यासक्रमही निघतील. विद्यार्थ्यांच्या हाती काय देणार, याची चर्चा मात्र कुठेच नाही.

रक्ताच्या केस्टल-मेयर चाचणीचेच पाहा. डागावर फिनॉल्फ्थॅलिनचे अभिकर्मक आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की गुलाबी रंग येतो. टीव्हीवरच्या गुन्हेमालिकेतले न्यायसहायक तज्ज्ञ डॉ. साळुंखे एवढ्यावर खुनी सांगून मोकळे होतील. पण बटाट्याच्या रसातले पेरॉक्सिडेजही तोच रंग देऊ शकते आणि काही धातूंचे क्षार तर पेरॉक्साइड टाकण्याआधीच तो रंग आणतात. पुस्तकात ही एक ओळ असते आणि ती परीक्षेपुरतीच लक्षात राहते. त्याऐवजी जुन्या चादरीवर बोकडाचे रक्त, बीट, गंज आणि बटाट्याचा रस यांचे डाग पाडून, वाळवून द्यावेत. कोणता डाग कशाचा, हे शिक्षकाने सांगू नये. एखाद्या गटाच्या चादरीवर रक्त मुळीच नसावे. डाग नसलेल्या कापडावरची कोरी चाचणी आधी का करायची, हे अशा वेळी फसल्यावरच उमगते.

पुढचा भाग अधिक मोलाचा, आणि शिकवताना नेमका तोच गाळला जातो. त्या डागाचा पंचनामा करायचा, नमुना लाखेने मोहोरबंद करायचा आणि दुसऱ्या गटाकडे पोहोचवायचा; तिसऱ्या गटाने बचावाचा वकील होऊन उलटतपासणी घ्यायची. एका पाकिटाचे सील शिक्षकाने मुद्दाम तोडून ठेवावे. कितीजण ते नोंदवतात आणि कितीजण मुकाट्याने चाचणीला बसतात, हे पाहण्यासारखे असेल. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. बाटलीत दुसऱ्याचेच रक्त असेल, तर यंत्र कितीही अचूक असून काय उपयोग? आणि रक्त त्याच माणसाचे असले, तरी सोडियम फ्लोराइड न घालता उकाड्यात ठेवल्यास त्यात आपोआप अल्कोहोल तयार होऊ शकते. मद्यपी चालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच असल्याने ही किरकोळ बाब नव्हे.

पुरावा न्यायालयापर्यंत टिकवण्याची अडचण जुनीच आहे. इंग्लंडमध्ये १८३२ च्या एका विषप्रयोगाच्या खटल्यात जेम्स मार्श या रसायनज्ञाने आर्सेनिक शोधले. पण ज्युरींसमोर येईपर्यंत त्याचा नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. १८३६ ची मार्श चाचणी त्या चिडीतून आली. आपल्याकडे ती नळी, ज्वाला आणि काळा आरसा अशा आकृतीपुरती उरली आहे.

साधनांच्या टंचाईची सबब पुढे येईल. महागडी क्रोमॅटोग्राफीची यंत्रे प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाहीत, हे खरेच. पण चादर, लाख, गाळणकागद आणि चार अभिकर्मके परवडतात. खरी अडचण गुणदानाची आहे. ‘या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही’ असे सकारण लिहिणाऱ्याला आज शून्य मिळते. रेटून चुकीचे नाव लिहिणाऱ्याला निदान पायऱ्यांचे गुण तरी मिळतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांनी पुढच्या प्रात्यक्षिक परीक्षेत हे उलटे करावे आणि बहिःस्थ परीक्षक म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेले निवृत्त रासायनिक विश्लेषक बोलवावेत.