मोफत उपचार, महाग न्याय

डॉक्टरच्या हयगयीने घरातले माणूस गेले तर ग्राहक आयोगाकडे जावे, तिथे वकील लावण्याचीही सक्ती नाही, असा उपदेश सुशिक्षित मंडळी मोठ्या उदारपणे करीत असतात. जबलपूर जिल्ह्यातील मझौलीच्या शेतमजुराने हा उपदेश मनावर घेतला तर त्याच्या पदरी काय पडते, हे तपासले पाहिजे.

पहिली मेख कायद्यातच आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली; हे निःसंशय इष्ट झाले. परंतु जिथे सर्वांवरच मोफत उपचार होतात ती रुग्णालये त्या कक्षेबाहेर ठेवली गेली. अर्थात, ज्याने पैसे मोजले तो ग्राहक. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला तक्रारीचे शुल्कही नाही. आणि खिशात दमडी नाही म्हणून जो सरकारी दवाखान्यात गेला, त्याने मात्र दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी! गरिबासाठी लांबचा रस्ता, ऐपतदारासाठी जवळचा, अशी ही समानता आहे.

तो रस्ता किती लांब, हे औरंगाबादच्या खटल्याने दाखवून दिले आहे. १९६३ च्या जुलैमध्ये तेथील सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहून गेला आणि त्याच महिन्यात ती दगावली. कनिष्ठ न्यायालयाने दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मंजूर केली तेव्हा १९९६ साल उजाडले होते. रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य नव्हे, हे सांगण्यासाठी तेहेतीस वर्षे लागली. एवढी वर्षे वकिलाचे घर कोणी चालवायचे?

यावर काहींचा तोडगा असा की, निकालानंतर मिळणाऱ्या रकमेत वकिलाला वाटा द्यावा. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार अशी फी ठरवता येत नाही. ती मुभा मिळाली तरी तिचा लाभ कोणाला होईल? भरपाई मोजली जाते ती बहुतांशी मृताच्या मिळकतीवरून. मोठ्या पगारदाराच्या खटल्यासाठी वकिलांची रांग लागेल. मजुराच्या जिवाला भाव कमी, म्हणून त्याच्या खटल्याकडे कोणी फिरकणार नाही.

उरतो १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता त्याखाली वकील मिळतो. शेतमजुराचे नाव मात्र या यादीत नाही. त्याने उत्पन्नाचा दाखला घेऊन हेलपाटे घालावेत.

तरीही हे हत्यार टाकून देण्याजोगे नाही. अशा खटल्यात वकिलाइतकाच जड खर्च तज्ज्ञ डॉक्टरच्या साक्षीचा असतो, आणि साक्षीदारांचा खर्च हा विधी सेवेचाच भाग मानला गेला आहे. तो मागितला जात नाही, म्हणून दिलाही जात नाही. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी तहसील विधी सेवा समितीकडे जाताना केवळ वकिलाचा अर्ज करू नये. तज्ज्ञाच्या साक्षीचा खर्च त्याच अर्जात लेखी मागावा, नकार आल्यास तोही लेखी घ्यावा. त्याआधी रुग्णालयाकडे उपचाराच्या कागदपत्रांची लेखी मागणी करून पोच घ्यावी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने ती ७२ तासांत दिली पाहिजेत.