कोरी वही

आमची नात चार वर्षांची झाली, बालवाडीत जाऊ लागली आणि आमच्या घरात एक नवीच तपासणी सुरू झाली. दुपारी ती परतली की मी तिचे दप्तर उघडी. त्यात डबा असे, रुमाल असे, तळाशी चार चिंचोके नि एखादे वाळके पान असे. वही मात्र कोरीची कोरी! जून गेला, जुलै गेला, ऑगस्टही सरला. पण वहीत 'ग' काही उमटेना. समोरच्या बिऱ्हाडातला तिच्याच वयाचा मुलगा मात्र शंभरापर्यंत आकडे लिहू लागला होता.

"आज काय शिकलीस गं?" मी विचारी.

"खेळलो!" ती सांगे.

सारा जन्म हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला जमेच्या बाजूला नुसते 'खेळलो' कसे पटावे? शेवटी मीच पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. तिसऱ्याच दिवशी पेन्सिल नाहीशी झाली आणि संध्याकाळी आमच्या सौ.ना ती तांदळाच्या डब्यात सापडली! मी आवाज चढवला. पोर रडली नाही. नुसती खाली मान घालून बसली. तेवढ्यात चिरंजीव कामावरून आले. दारातच थबकून म्हणाले, "बाबा, माझ्या वेळी तुमच्या हातात पट्टी होती. अजूनही पुस्तक उघडलं की मला आधी तीच दिसते."

तो रागावून बोलला असता, तर मलाही उत्तर देता आले असते. पण तो शांतपणे बोलला. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत गेलो. बाईंनी एक बुटकी खुर्ची दिली. समोर आमची नात दुकान मांडून बसली होती. पाने म्हणजे भाजी, चिंचोके म्हणजे पैसे. भाजी तीन चिंचोक्यांची. गिऱ्हाइकाने पाच दिले. "थांबा हं, दोन परत घ्या," ती ऐटीत म्हणाली. ही वजाबाकी हिला शिकवली कोणी?

पलीकडे दोघे माती मळत होते. बाई म्हणाल्या, "आजोबा, या वयात मनगटाची हाडंही पुरती तयार झालेली नसतात. माती मळून, मणी ओवून बोटांत बळ येतं. मग पेन्सिल धरणं जड जात नाही."

वाचकहो, हे काही आजचे खूळ नव्हे. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी! माँटेसरीची महागडी साधने खेड्यात कोठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. पुढे 1975 साली सरकारने बालविकासाची योजना काढली, तेव्हा अंगणवाडी देशभर पोचली. आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान मुलांनी खेळातूनच शिकावे असे म्हटले. वस्तीच्या अंगणात तेव्हाच कळलेली गोष्ट माझ्यासारख्या शहरी शहाण्याला कळायला मात्र पेन्सिल तांदळात जावी लागली!

यंदा दिवाळीला आम्ही जिन्याखाली किल्ला केला. माती नातीने कालवली, दगड मी रचले. चिरंजीव घरी आले, ते कपडेही न बदलता शेजारी उकिडवे बसले आणि बुरुज थापू लागले. त्याच्यासोबत मातीत हात घालण्याची माझी ही पहिलीच वेळ. तो चाळीस वर्षांचा झाल्यावर!

वही अजून कोरीच आहे. दप्तर मी आता तपासत नाही. दुपारी आम्ही दोघे मिळून त्यातले चिंचोके तेवढे मोजतो.